कोसमटोल्यातील मानव-मोबाईल संघर्ष

माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातला संघर्ष माणूस शेती करायला लागला तेव्हापासून चालू आहे, आणि पंचनाम्याचा शोध लागल्यापासून तो सुरळीत चालू आहे.

आमचं कोसमटोला या बाबतीत अनुभवी गाव आहे. मूल या तालुक्याच्या गावाहून जंगलाच्या दिशेने निघालं की आधी डांबर संपतं, मग गिट्टी संपते आणि मग आमचं गाव लागतं. तीन बाजूंना जंगल आहे. चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या आहेत, त्यातून जंगलातले प्राणी ये-जा करतात. गावात एक तलाव, सातवीपर्यंत शाळा, एक पानठेला आणि मोबाईलचा एक टावर आहे. हा टावर गावातली सगळ्यात उंच वस्तू असल्यामुळे सरपंचाच्या खालोखाल त्याचा मान आहे. तो बंद पडला तर माणसं त्याच्या पायथ्याशी जाऊन वर बघत उभी राहतात. सरपंचांच्या बाबतीत असं कधी झालेलं नाही.

वाघाला आम्ही वाघ म्हणत नाही. (इथे लिहिण्यापुरतं लिहितो, कारण लिहिलेलं त्याला वाचता येत नाही.) नाव घेतलं की तो येतो, असा अनुभव आहे. नाव न घेताही येतो, असाही अनुभव आहे, पण तेव्हा निदान आपल्याकडे दोष येत नाही. म्हणून आम्ही त्याला 'मोठा' म्हणतो. 'काल मोठा तलावावर होता', 'मोठ्यानं नानाजीची कालवड नेली', असं. लहान मूल बोलायला लागलं की पहिल्यांदा त्याला आई-बाबा शिकवतात आणि लगेच दुसरी गोष्ट ही शिकवतात, की जो नाव घेतल्यावर अंगावर येतो त्याचं नाव घ्यायचं नसतं.

आता घटना सांगतो. हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, एका संध्याकाळी मोठा तलावाच्या पाळीवरून उतरला आणि थेट आमच्या गल्लीत शिरला. गावातल्या जाणत्या माणसांनी प्रसंगावधान राखून ताबडतोब मोबाईल बाहेर काढले. त्यामुळे या घटनेच्या एकूण अकरा चित्रफिती उपलब्ध आहेत. एकाही चित्रफितीत एकही मोठं माणूस पळताना दिसत नाही, कारण सगळे चित्रण करत होते. कोसमटोल्याच्या धैर्याचा याहून वेगळा पुरावा देण्याची गरज नाही.

सगळ्या चित्रफिती एकापुढे एक लावल्या तर प्रसंग असा दिसतो. आमच्या घराच्या सपरीवर, म्हणजे ओसरीवर, तीन मुलं बसली आहेत : माझी मुलगी दिव्यानी, शेजारचा प्रणित आणि त्याची लहान बहीण. तिघांत मिळून एक मोबाईल आहे. (माझा.) मोठा येतो. सपरीसमोर थांबतो. मुलांकडे बघतो. मुलं मोबाईलकडे बघतात. मोठा घशातून एक आवाज काढतो, ज्याने सात घरांपलीकडचा कुत्रा खाटेखाली गेला. यावर सातव्या चित्रफितीत प्रणितचा आवाज स्पष्ट ऐकू येतो : "आवाज कमी कर ना बे."

मोठा आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने मान वळवली आणि तो जसा आला होता तसा निघून गेला, फक्त शेपटी आता खाली होती. वनरक्षक संघप्रिया मॅडम दुसऱ्या दिवशी येऊन पंचनामा करून गेल्या. 'प्राण्यास कोणतीही इजा नाही. मनावर परिणाम झाला असल्यास सांगता येत नाही', असं त्यात नमूद आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा गावाला मुलांची काळजी वाटली. माझे वडील गुणवंतराव (गाव त्यांना आबाजी म्हणतं, माजी पोलीस पाटील, आजी काहीच नाही, पण सवय गेलेली नाही) ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरं मोठ्याले भेत नाई, ते ठीक आहे. पण त्याच्याकडे पाह्यत बी नाई म्हंजे हद्द झाली. जंगल सोडून एवढ्या दुरून आला होता तो."

सभा गहिवरली. मुलांच्या मोबाईलच्या अतिवापरामागे नेमका कोणाचा हात आहे हे शोधून काढण्यासाठी तिथल्या तिथे 'मानव-मोबाईल संघर्ष निवारण समिती' स्थापन झाली. आबाजी अध्यक्ष, शेजारच्या शकुबाई सदस्य, आणि मला लिहिता येतं म्हणून मी, अजय, सचिव.

नवी नियमावली तयार करायची म्हणजे वर्ष गेलं असतं. आमच्याकडे ती तयारच होती. शाळेच्या भिंतीवर वनखात्याने वन्यप्राण्यांपासून बचावाचे नियम रंगवलेले आहेत. समितीने गावचा पेंटर इसरू याला बोलावून जिथे जिथे 'वन्यप्राणी' आहे तिथे तिथे 'मोबाईल' करायला सांगितलं. इसरूने दुपारच्या आत काम संपवलं. त्यातले महत्त्वाचे नियम असे :

मोबाईल दिसल्यास पाठ दाखवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे.

पहाटे व सायंकाळी मोबाईलचा वावर वाढतो. या वेळी मुलांना एकटे सोडू नये.

शौचास एकटे जाऊ नये. मोबाईल दबा धरून बसलेला असू शकतो. (हा नियम आम्हाला फार पटला.)

पिल्लांसह असलेल्या मोबाईलच्या जवळ जाऊ नये.

मोबाईलने गाय मारल्यास ती जागेवरून हलवू नये.

तीन वेळा संघर्षात आढळल्यास जेरबंद करून दुसऱ्या क्षेत्रात सोडण्यात येईल.

पिल्लांवर थोडा वाद झाला, पण पिल्लं म्हणजे चार्जर असा खुलासा मी केल्यावर तो मिटला. शेवटच्या नियमात मुळात 'वन्यप्राण्यास जेरबंद करून' असं होतं. तिथे भिंतीला पोपडा आलेला असल्याने इसरूला नवा शब्द बसवता येईना, म्हणून त्याने जुना शब्द नुसता पुसून टाकला. कोणाला जेरबंद करायचं हे त्यामुळे भिंतीवर राहिलं नाही. तेव्हा ही गोष्ट कोणाला महत्त्वाची वाटली नाही.

यानंतर शास्त्रीय पाहणी झाली. गावातली दहा-बारा वर्षांच्या आतली एकेचाळीस मुलं शाळेच्या व्हरांड्यात बसवली आणि त्यांच्या समोर, मुलांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून, त्यांचे सगळे आईबाप आणि आजे बसवले. शकुबाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"सांग बाबू, तुले मोबाईल कोण देते?"

पहिला प्रणित होता. त्याने एकदा समोर बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोठा."

"कोण?" शकुबाईंनी पुन्हा विचारलं.

"मोठा देते," प्रणित म्हणाला.

एकेचाळीसपैकी अडतीस मुलांनी हेच उत्तर दिलं. दोघांनी माहीत नाही म्हटलं, आणि एकजण मोबाईल बघत असल्याने त्याला प्रश्न ऐकू आला नाही. मुलं थोडी मोकळी झाल्यावर तर अंगावर काटा येईल अशी माहिती बाहेर आली. ती मी शब्दश: टिपली आहे :

"मोठा जेवाच्या वेळी देते. मुकाट्यानं खाय म्हणते."

"मी काई इचारलं का मोठा म्हणते, हे घे अन् बाहेर बस."

"मोठा दिवसभर खाटीवर लोळून सोताच पाह्यते. बॅटरी संपत आली का मंग मले देते."

"मोठा संडासात घेऊन जाते अन् निघतच नाई."

"आमच्या घरी दोन मोठे हायेत. एकमेकाशी बोलत नाई. दोघंबी पाह्यतच राह्यतात."

माझी दिव्यानी सगळ्यात शेवटी उठली. "मोठा हासते," ती म्हणाली, "पण मोबाईलकडे पाहून हासते."

मोठा गल्लीत येतो हे आम्हाला माहीत होतं. तो घरात येतो, जेवायला बसतो, खाटेवर लोळतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका घरात तर जोडी होती, म्हणजे लवकरच पिल्लंही होणार होती. शकुबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरं बिचारे मोठ्यासंग एका घरात राह्यतात," त्या म्हणाल्या, "अन् आपल्याले पत्ताच नाई."

आपल्याही घरात हे चालू आहे, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. जागाच होतो, तर वेळ जावा म्हणून मोबाईल पाहिला.

सकाळी समितीने वनखात्याकडे अर्ज केला : मोठा घरात शिरून लहान मुलांना मोबाईल देतो, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा. अर्ज घेऊन संघप्रिया मॅडमच गावात आल्या. मुलगी तिशीच्या आतली, बोलायला फटकळ, आणि गाडीवरून उतरेपर्यंत तिचंही अर्धं लक्ष मोबाईलमध्ये.

"काकाजी, वाघ मोबाईल देते म्हणून राह्यले तुमी?" तिने आबाजींना विचारलं.

"नाव नोका घेऊ मॅडम," आबाजी म्हणाले. "अडतीस पोरं खोटं बोलतीन का?"

"वाघाजवळ मोबाईल आला कुठून?"

"ते तुमचं खातं पाह्यन. जनावर तुमचं आहे."

मॅडमने अर्ज दोनदा वाचला. लेखी अर्ज आला की कॅमेरे लावावे लागतात, आणि कॅमेरे लावायला कारण खरं असावं लागत नाही, लेखी असावं लागतं. त्यांनी सहा घरांच्या सपरीच्या खांबांना जंगलातले कॅमेरे बांधले. हालचाल झाली की हे कॅमेरे आपोआप फोटो काढतात. अर्जात 'घरात' असं लिहिलेलं असल्याने कॅमेऱ्यांची तोंडं घराकडे केली होती.

आठवड्याने फोटो आले. ते बघायला समिती शाळेत जमली. दोन हजारांवर फोटो होते. त्यात मांजर, शकुबाईंच्या कोंबड्या, एक अनोळखी बकरी आणि माणसं होती. मोठा कुठेच नव्हता.

"मोठा सापडला," संघप्रिया मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक फोटो पुढे केला.

फोटोत मी होतो. मी दिव्यानीसमोर ताट ठेवलं होतं, ताटापुढे तांब्या ठेवला होता आणि तांब्याला माझा मोबाईल टेकवून उभा केला होता. दिव्यानी त्यात बघत घास घेत होती. मी शेजारी बसून चंचलचा (म्हणजे माझ्या बायकोचा) मोबाईल बघत होतो. चंचल मागे उभी राहून तिच्या बहिणीचा मोबाईल बघत होती. चौथा कोणाचा मोबाईल शिल्लक असता तर तोही कामी आला असता.

शकुबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पट्टे तं दिसून राह्यले," त्या म्हणाल्या.

"तो माझा स्वेटर आहे, बाई," मी म्हणालो.

"मी काई म्हणत नाई. पण पट्टे आहेत."

मॅडमने दुसरा फोटो काढला. त्यात आबाजी खाटेवर पडून मोबाईल बघत होते आणि हसत होते. तिसऱ्यात शकुबाई होत्या. नातवाला मोबाईल देऊन एका हाताने त्याला दाराबाहेर ढकलत होत्या. चौथा मॅडमने दाखवला नाही, कारण तो संडासाच्या वाटेवरचा होता आणि सरपंचांचा होता.

"काकाजी, काकू," संघप्रिया मॅडम म्हणाल्या, "पोरं मोठा म्हणून राह्यले, म्हंजे वाघ नाई. मोठी माणसं. तुमी."

मग शकुबाईंनी प्रणितला बोलावून घेतलं. "काऊन रे," त्यांनी विचारलं, "तुह्या बापानं देल्ला तं बापाचं नाव सांगाचं ना. मोठा मोठा काऊन म्हणत बसला?"

"बाबा समोरच बसून होते," प्रणित म्हणाला. "नाव घेतलं का अंगावर येतात ना."

आम्हीच शिकवलेली गोष्ट मुलाला इतकी नीट समजली आहे हे पाहून समितीला समाधान वाटलं. पण निष्कर्ष अडचणीचा होता. एकमताने जो ठराव झाला त्यात सचिव या नात्याने मी माझं सगळं भाषाप्रभुत्व ओतलं :

मोठे ही संरक्षित प्रजाती आहे. खाट, तलावाची पाळ, पानठेला व संडास हा मोठ्यांचा नैसर्गिक अधिवास असून त्यात हस्तक्षेप करता येणार नाही. मोठ्यांना डिवचू नये, त्यांच्या अंगावर ओरडू नये, तसेच ते मोबाईल बघत असताना त्यांच्या जवळ जाऊ नये. मुलांनी काळजी घ्यावी.

उपाय मात्र काही तरी करायला हवाच होता, आणि तो शकुबाईंनाच सुचला. मोहफुलं वेचायला बाया जंगलात जातात तेव्हा त्यांची मान खाली असते आणि मोठा मागून येतो. त्यासाठी वनखात्याने माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटले आहेत. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. मागेही चेहरा आहे, डोळे आपल्यावर आहेत, असं वाटलं की तो येत नाही. शकुबाईंचं म्हणणं असं, की मोबाईल बघतानाही माणसाची मान खालीच असते. तेव्हा मोठ्यांनी मागे मुखवटा बांधावा. आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे असं मुलांना वाटेल आणि मोठ्यांचंही कामात लक्ष राहील.

इतका सोपा, बिनखर्चाचा आणि कोणाचीच गैरसोय न करणारा उपाय मी आयुष्यात पाहिला नाही. संघप्रिया मॅडमने मुखवट्यांचा गठ्ठा आणून दिला. "वापर कसा कराचा ते तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या, "पण मोहाच्या आधी वापस पाह्यजेत."

मुखवटा एकाच साच्यातला होता : गोल चेहरा, लाल गाल, झुपकेदार मिशी, टक्क उघडे डोळे आणि थोडंसं हसू. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक मोठ्याच्या डोक्यामागे तो चेहरा लागला. शकुबाईंनाही मिशी आली. चंचललाही आली. मुलांना आता घरात कुठूनही पाहिलं तरी हसतमुख माणसं दिसत होती, आणि असं गावाच्या स्थापनेपासून कधी घडलेलं नव्हतं.

परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. मुलं मोबाईल खाली ठेवून मोठ्यांच्या मागे येऊन बसू लागली आणि मुखवट्यांशी बोलू लागली.

मी स्वत:च्या घरातलं सांगतो. एके दिवशी मी भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत होतो, तेव्हा दिव्यानी माझ्या मागे येऊन बसली.

"बाबा," ती मुखवट्याला म्हणाली, "मले सायकल येते आता."

मुखवटा हसत होता.

"चालवता येते. उतरता नाई येत. शाळेतून आली का थांबताच येत नाई, मंग मी बोडीच्या पाण्यात नेऊन टाकते. रोज. पाणी कमी आहे आता, लागत नाई जास्त. फ्रॉक ओला काऊन असते हे कोणी इचारतच नाई. तुमीबी इचारलं नाई. पण तुमी पाह्यत तरी असता."

(चित्रफीत मध्येच अडकल्यामुळे मला हे सगळं ऐकू आलं.) मागे वळून काही बोलावं असं मला वाटलं. पण मी वळलो असतो तर मुखवट्याचं तोंड भिंतीकडे गेलं असतं आणि मूल पुन्हा देखरेखीविना राहिलं असतं. नियम मीच लिहिलेले होते, तेव्हा मी बसून राहिलो. तेवढ्यात चित्रफीतही चालू झाली.

समितीचं काम असं जोरात चालू असताना दुर्दैवाने एक मूल तिसऱ्यांदा संघर्षात आढळलं आणि ते माझंच निघालं. पहिल्यांदा दिव्यानी मोठा आला त्या संध्याकाळी मोबाईलसह आढळली होती. दुसऱ्यांदा ती रेशनच्या केवायसीसाठी आबाजींच्या तोंडासमोर मोबाईल धरून "डोळे मिचकवा आबाजी, दोन्ही मिचकवा" असं सांगताना आढळली. (आबाजींनीच तिला बसवलं होतं, पण नियमात सबब नाही.) तिसऱ्यांदा शकुबाईंनी तिला अंगणात पकडलं. ती माझ्या मोबाईलला तोंडाजवळ धरून विचारत होती, "सायकलवरून उतरावं कसं?"

भिंतीवरचा शेवटचा नियम स्पष्ट होता : तीन वेळा आढळल्यास जेरबंद करून दुसऱ्या क्षेत्रात सोडण्यात येईल. कोणाला, हे लिहिलेलं नव्हतं. समितीने दोन्ही पर्याय तपासले. मोबाईल दुसऱ्या क्षेत्रात सोडला तर घरातली कामं अडली असती. मुलीवाचून काही अडत नव्हतं. आरोपी माझी मुलगी असल्याने मी पूर्ण नि:पक्ष राहिलो.

दिव्यानीचा मामा कुलदीप एटापल्लीच्या पलीकडे एका गावात शेती करतो. तिथे टावर पोहोचत नाही. तिला तिथे सोडायचं ठरलं. शाळेचं वर्ष अर्धं राहिलं होतं.

चंचलने सभेत उभं राहून सांगितलं, "पोरगी कुठी जाणार नाई. पाठवाचं असन तं ह्यांना पाठवा. हे दिवसातून शंभरदा आढळतात."

"सूनबाई," आबाजी म्हणाले, "ते संरक्षित आहेत."

निघायच्या दिवशी दिव्यानी रडली नाही. पिशवी भरून झाल्यावर मी विचारलं, आणखी काही न्यायचं आहे का. ती मोबाईल मागेल अशी माझी खात्री होती आणि नाही म्हणायची तयारीही मी करून ठेवली होती. तिने माझ्या डोक्यामागे बोट केलं.

"तो देता का?" ती म्हणाली.

मुखवटा खात्याचा होता. परत करायचा आहे, सांभाळून ठेव, असं बजावून मी तो सोडून दिला.

यानंतर आमच्या घरातला मानव-मोबाईल संघर्ष शून्यावर आला. समितीने त्याबद्दल माझ्या घराचं अभिनंदन केलं. घर शांत झालं. जेवताना तांब्या तांब्याच्या जागी असायचा. मला वाटलं होतं की हे आपल्याला आवडेल, आणि ते आवडलं नाही. फोन करून तिचा आवाज ऐकावा तर तिथे टावर नव्हता. टावर नव्हता म्हणून तर तिला पाठवलं होतं. चंचल माझ्याशी बोलत नव्हती. मुखवटा गेल्यामुळे तिला बोलायला जागाही नव्हती. शेवटी एक दिवस मी समितीला न विचारता एसटीत बसलो.

मी कुलदीपच्या अंगणात पोहोचलो तेव्हा दिव्यानी सायकलवरून येत होती. दारापुढे तिने ब्रेक दाबला, एक पाय टेकवला आणि सायकलवरून उतरली. फ्रॉक कोरडा होता. कुलदीपने तिला हे शिकवलं होतं. पंधरवडाभर तो सीट धरून तिच्या मागे पळत होता. त्याला दुसरी कामं नव्हती असं नाही. फक्त टावर नव्हता.

तिला बघून मला इतका आनंद झाला की काय बोलावं ते सुचेना. मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे," ती म्हणाली.

"सायकल छान चालवतेस."

"हो."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि पाहुण्यासमोर बसल्यासारखी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. थोड्या वेळाने ती उठून आत गेली आणि मुखवटा घेऊन आली.

"बाबा, तिकडं तोंड करून बसा ना."

"काऊन?"

"मले तुमाले सांगाचं आहे."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तिने माझ्या डोक्याला मागून मुखवटा बांधला, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि मग ती जे बोलायला लागली ते दिवेलागणीपर्यंत बोलतच होती. मामाच्या बैलाचं, नव्या मैत्रिणीचं, रात्री घराची आठवण येते त्याचं, आणि त्या संध्याकाळी मोठा आला तेव्हा तिने त्याला पाहिलं होतं, पण इतकी भीती वाटली की मान वरच करवली नाही, त्याचं. माझ्या हातात मोबाईल होता आणि तो नुसताच काळा होता, त्यामुळे मला एकूण एक शब्द ऐकू आला. मला रडू आलं. मुखवटा हसत होता, म्हणून तिला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन परत आलो. सोडून दिलेल्याला परत आणण्याची तरतूद भिंतीवर नाही, तेव्हा समितीने मला कारणे दाखवा नोटीस बजावली. आबाजींनी तोंडाने मला बरंच सुनावलं. मागून मात्र त्यांच्याकडे पाहून दिव्यानी म्हणाली की ते खूश दिसतात.

आता ती घरी आहे. जेवताना मी तांब्या लांब ठेवतो आणि तिच्यासमोर बसतो. अजून तिला माझ्या तोंडाकडे बघून बोलण्याची सवय झालेली नाही. महत्त्वाचं काही असलं की ती मला वळायला सांगते.

समितीने अहवालात हा प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाल्याचं म्हटलं आहे, आणि आरमोरीकडच्या गावांतूनच नव्हे तर शहरांतूनही आता मुखवट्यांची मागणी येते. खात्याने आपले परत नेले असले तरी इसरू नवे रंगवून देतो. आपल्यालाही हवा असेल तर जरूर कळवा. सगळ्यांना एक माप बसत नाही, म्हणून आपल्या डोक्याची मागची बाजू कशी दिसते ते सोबत लिहून पाठवावं लागतं : केस कुठे विरळ झाले आहेत, मान किती वाकलेली असते, वगैरे. ही माहिती स्वत: भरू नका, चुकते. घरातल्या मुलाला विचारा. तो न बघता सांगेल.